चिखलात श्वास, चैत्रात पालवी

कुंडीतल्या तुळशीला रोज जरा जास्तच पाणी घातले, की आठ-पंधरा दिवसांत तिची पाने पिवळी पडतात, शेंडे मान टाकतात आणि ती जाते. माती उकरून पाहिली तर मुळे काळी, बुळबुळीत आणि कुजकट वासाची निघतात. तिकडे मुळशी तालुक्यात आषाढात भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात. रोपे आठवडेच्या आठवडे चिखलात उभी असतात आणि दिवसागणिक जास्त हिरवी होत जातात. तुळशीला मूळ, खोड आणि पान आहे, तसे भातालाही आहे. मग पाण्याने एक का मरते आणि दुसरे का पोसते?

शाळेत आपण अवयवांची कामे पाठ केलेली असतात. मूळ पाणी शोषते, खोड ते वर नेते, पान अन्न तयार करते, फुलातून बी होते. यात चुकीचे काही नाही, पण एवढ्या माहितीवर वरच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण झाडापुढचा खरा पेच या यादीत कुठेच येत नाही. झाडाला पाणी लागते आणि हवाही लागते, आणि या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. मातीच्या कणांमधल्या फटीत पाणी भरले की तिथली हवा हुसकली जाते. पानाने हवा आत घेण्यासाठी तोंड उघडले की त्याच तोंडातून आतले पाणी निसटते. जमिनीखाली पाणी हवेला हाकलते आणि जमिनीवर हवा पाण्याला पळवते. मूळ, खोड आणि पान यांची घडण या ओढाताणीतली तडजोड म्हणून पाहिली, तरच ती नीट उलगडते, असे माझे म्हणणे आहे.

हे पाहायला मुळशीइतका चांगला तालुका शोधून सापडणार नाही. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पौड ओलांडून पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर गेले, की एकाच पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो. २०२४ च्या जुलैत तर ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. तोच घाटमाथा ऑक्टोबर सरला की मे अखेरपर्यंत जवळजवळ कोरडा असतो. एकाच वर्षात, एकाच जागी महापूर आणि दुष्काळ. इथल्या झाडाला दोन्ही सोसावे लागतात, आणि जागा सोडून जाण्याची सोय त्याला नसते.

मुळाला हवा कशाला?

पहिली शंका हीच असते. हवा घेण्याचे काम पानांचे. मुळांना तिची काय गरज? ही शंका प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांची गल्लत झाल्यामुळे येते. पाने उजेडात हवेतला कर्बवायू घेऊन साखर तयार करतात, हे खरे. पण ती साखर ‘जाळून’ तिच्यातली ऊर्जा मोकळी करायला प्रत्येक जिवंत पेशीला प्राणवायू लागतो, मग ती पेशी पानातली असो वा मुळातली. आपल्या शरीरात फुप्फुसांत घेतलेला प्राणवायू रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवते. झाडात रक्त नाही आणि प्राणवायू वाहून नेणारी दुसरी यंत्रणाही नाही. ज्या पेशीला तो हवा, तिने तो आसपासच्या फटींतून मिळवायचा.

मुळांची गरज तर जास्तच असते. मुळाचे टोक सतत वाढत, मातीत घुसत असते. टोकाच्या जरा मागे केसांहून बारीक असे मूलरोम असतात, आणि पाण्याशी मुळाचा संबंध मुख्यतः त्यांच्याद्वारेच येतो. पाणी बऱ्याच अंशी आपोआप आत येते, पण नत्र, पालाश यांसारखी खनिजे मातीत फार विरळ असतात. ती आत ओढून साठवायला ऊर्जा खर्चावी लागते. प्राणवायू मिळाला नाही तर पेशी साखर अर्धवट मोडून कशीबशी दिवस काढते. त्यातून हाती लागणारी ऊर्जा नेहमीच्या पंधराव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. आधी टोकाची वाढ थांबते, मग मुळांच्या पेशींमधले पाण्याचे दरवाजे मिटू लागतात. म्हणून तुळस पाण्यात उभी राहून तहानेने सुकते. मान टाकलेली पाहून आपण तिला आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही मारतो. कुजवणारी बुरशी येते ती त्यानंतर, मेलेल्या मुळांवर ताव मारायला.

यावर कुणी म्हणेल, पाण्यातही प्राणवायू विरघळलेला असतोच की, मासे त्यावरच जगतात. असतो, पण थोडा. आणि अडचण त्याच्या प्रमाणापेक्षा वेगाची आहे. साचलेल्या पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मासा कल्ल्यांवरून सतत ताजे पाणी सोडत राहतो. मूळ एका जागी रुतलेले, भोवतीचे पाणीही हलत नाही. शिवाय मातीतले असंख्य जीवाणू त्याच प्राणवायूचे भागीदार असतात. शेत पाण्याखाली गेले की एखाद्या दिवसातच ते उरलेला प्राणवायू संपवतात आणि नंतर मातीतल्या लोह-गंधकाच्या संयुगांवर गुजराण करू लागतात. खाचरातला चिखल तुडवताना कुजक्या अंड्याचा वास येतो, तो याच गंधकाच्या खेळातून.

भाताची आतली वाट

याच चिखलात भात जगतो, कारण त्याने प्राणवायू मातीतून मिळवण्याचा हट्ट सोडलेला आहे. त्याच्या पानांपासून खोडातून थेट मुळांच्या टोकांपर्यंत हवेच्या पोकळ्यांची सलग वाट असते. मूळ वाढत असताना त्याच्या सालीतल्या काही पेशी ठरलेल्या क्रमाने मरतात, विरघळतात आणि त्यांच्या जागी लांबट रिकाम्या खोल्या उरतात. आडवे कापलेले भाताचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मधल्या वाहिन्यांभोवती नुसत्या पोकळ्यांचे चाक दिसते. पाने आणि खोड हवेत, म्हणून प्राणवायू वरून शिरतो आणि या वाटेने खाली पसरतो. पोकळ्या भातात कोरड्या जमिनीतही थोड्या होतात; जमीन तुंबली की एथिलीन नावाचा वायू मुळांत साचतो आणि त्याच्या इशाऱ्याने त्या आणखी वाढतात. एथिलीन म्हणजे आंबा-केळी पिकवणारा तोच वायू. तो झाडातच तयार होतो आणि हवेत निसटून जातो. भोवती पाणी आले की त्याची निसटण्याची वाट बंद होते. म्हणजे पाणी आल्याची बातमी मुळाला वेगळी कळावी लागत नाही, कोंडलेला वायूच ती देतो.

पण नुसती पोकळ वाट पुरेशी नाही. पाणी साचले की मक्याच्या मुळातही अशा पोकळ्या होतात, तरी मका तुंबलेल्या शेतात टिकत नाही. फरक वाटेच्या भिंतींत आहे. गावात नळाची लाइन जागोजागी गळत असली तर शेवटच्या घरी थेंबही पोहोचत नाही. मक्याच्या मुळातून प्राणवायू तसाच वाटेत बाहेर पाझरून जातो आणि टोक उपाशी राहते. भाताच्या मुळाच्या बाहेरच्या थरात पाणी तुंबल्यावर मेणासारख्या द्रव्याचा लेप तयार होतो आणि गळती थांबते. टोकाजवळचा भाग मात्र लेपाविना राहतो, म्हणून प्राणवायू नेमका टोकाशी, जिथे वाढ चालू आहे तिथे, बाहेर येतो. याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. काळ्या चिखलातून भाताचे रोप उपटून धुतले तर मुळांवर तांबूस पुट असते. तो गंज आहे. चिखलातले विरघळलेले लोह मुळातून पाझरणाऱ्या प्राणवायूला भेटते आणि तिथेच गंजून बसते. तुंबलेल्या जमिनीत लोह विरघळून इतके वाढते की ते मुळांना विष ठरू शकते. गंजाचे हे अस्तर मुळाचा काही अंशी बचावही करते.

या वाटेची एक दुसरी बाजूही आहे. खालच्या चिखलात प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन वायू बनवतात. भातशेतीतून हवेत जाणाऱ्या मिथेनचा बराच मोठा भाग, काही मोजणींत नव्वद टक्क्यांपर्यंत, रोपाच्या याच पोकळ्यांतून वर येतो. प्राणवायू खाली जाण्याची वाट मिथेनला वर येण्याची होते. तापमानवाढीच्या चर्चेत भातशेतीचे नाव येते ते यामुळे.

‘भाताला इतके पाणी लागतेच, म्हणून तर चिखलणी करतात,’ असा समज सर्वत्र आहे, आणि आतापर्यंतच्या विवेचनाने तो बळावेल. तो खरा नाही. भात तुंबलेले पाणी सोसतो. त्याला ते हवेच असते असे नाही. चिखलणीने मातीची घडण मोडते, पाणी मुरणे थांबते आणि खाचर भरलेले राहते. त्याचा मोठा फायदा असा की ज्या तणांच्या मुळांना भातासारखी आतली वाट नाही, ती बुडून मरतात. शेतकऱ्याने भाताच्या या एका गुणाचा उपयोग निंदणी वाचवण्यासाठी करून घेतला आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा राइस तंत्रात नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळून गादीवाफ्यांवर भात घेतला जातो, आणि पीक येते. तणांचा प्रश्न मात्र तिथे वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. खाचरातल्या पाण्याचे खरे काम कोणते, हे त्यावरून उघड होते.

नाकापर्यंत चालेल, डोक्यावरून नाही

पोकळ्यांची युक्ती पानांची टोके पाण्याबाहेर असेपर्यंतच चालते. पूर्ण बुडालेला भात आठवड्याभरात मरू लागतो. यावरही भाताच्या दोन परस्परविरोधी तोडी आहेत. बंगाल, आसामकडच्या खोल पाण्यातल्या जाती पाणी चढू लागले की खोडाची पेरे भराभर लांबवतात, अनुकूल स्थितीत दिवसाला वीत-वीतभर, आणि डोके वर ठेवतात. दुसऱ्या काही जाती अगदी उलट वागतात. त्या वाढ थांबवतात, साखर राखून ठेवतात आणि पाणी ओसरण्याची वाट पाहतात. ओडिशातल्या अशा एका जुन्या वाणातले त्यासाठी जबाबदार जनुक २००६ मध्ये ओळखले गेले, आणि ते घातलेले ‘स्वर्णा सब-१’ हे वाण दोन आठवड्यांपर्यंतचे बुडणे सहन करते. कोणती तोड चांगली, हे पूर किती दिवस राहतो त्यावर ठरते. आठवडाभराच्या पुरात उंच होण्यात शक्ती घालवणारे रोप पाणी उतरताच कोलमडते. महिनोन्‌महिने राहणाऱ्या पाण्यात स्वस्थ बसलेले रोप मरते.

धरणाचे पाणी ओसरत नाही. टाटा कंपनीच्या धरणात मुळशी खोऱ्यातली भातजमीन जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाने ओळखला जाणारा सत्याग्रह झाला, तो याच खाचरांसाठी. जमीन गेली ती गेलीच. त्या जलाशयाचे पाणी आज बोगद्यांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते, तिथून कुंडलिका नदीने रेवदंड्याच्या खाडीला मिळते, आणि खाडीच्या चिखलात तेच कोडे तिवराने निराळ्या पद्धतीने सोडवलेले दिसते. तिवराची मुळे चिखलातून उलटी, वरच्या दिशेने वाढतात आणि पेन्सिलीएवढे कोंब पृष्ठभागावर काढतात. ओहोटीला त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते, भरतीला छिद्रे पाण्याखाली असली तरी पाणी आत शिरत नाही. भाताने पानांतून हवा खाली आणली, तिवराने मूळच हवेत वर काढले.

खोड: पंप नसलेली चढण

आता दुसरा पेच, पानांचा. हवेत कर्बवायू फार विरळ असतो, दहा हजार भागांत जेमतेम चार-साडेचार. तो आत यावा म्हणून पानांच्या त्वचेवर पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म तोंडे असतात, भाताच्या पानावर एका चौरस मिलिमीटरमध्ये शेकडो. प्रत्येक तोंडाला दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की तोंड उघडते, ढिल्या पडल्या की मिटते. तोंड उघडे असताना कर्बवायूचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू बाहेर उडून जातात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा पंचाण्णवहून अधिक पाणी असे उडूनच जाते. अंगी लागते ते अगदी थोडे.

ही उधळपट्टी निव्वळ तोट्याची मात्र नाही. पाण्याला वर चढवणारे बळ तिच्यातूनच येते. खोडातल्या जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ, कडक भिंतींच्या नळ्या. त्यांत पंप नाही. पानातून पाणी उडाले की मागचे पाणी ओढले जाते, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ही ओढ पानापासून खोडातून मुळापर्यंत अखंड पोहोचते. डिक्सन आणि जॉली या दोघांनी १८९४ मध्ये हा विचार मांडला, तेव्हा पाण्याचा खांब तुटल्याशिवाय असा ताणला जाईल यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. पुढच्या मोजमापांनी तो बसवला. ताण हाताबाहेर गेला तर खांब खरोखर तुटतो, वाहिनीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि ती नळी निकामी होते. कडक उन्हात झाड पर्णरंध्रे मिटून घेते ते असे तुटणे टाळण्यासाठीही. साखर खाली आणणाऱ्या रसवाहिन्या जलवाहिन्यांच्या शेजारीच असतात, पण त्या जिवंत पेशींच्या असतात आणि त्यांचे चालणे वेगळे आहे.

मुळशीचा पावसाळा या सिद्धांतापुढे एक खरी अडचण उभी करतो. आषाढात दिवसच्या दिवस ढग उतरलेले असतात, हवा पाण्याने भरलेली असते. पानातून पाणी उडायला वावच नाही, मग ओढ कुठून येणार? रोप काय उपाशी राहते? इथे मूळ मदतीला येते. ते ऊर्जा खर्चून खनिजे आत घेत राहते, त्यांच्या मागोमाग पाणी शिरते आणि खालून दाब तयार होतो. दाब फार नसतो, एखाद्या-दोन मीटर उंचीचे रोप भागवण्यापुरता; ऐन किंवा आंब्याच्या शेंड्यापर्यंत तो पोहोचणार नाही. पण भाताला तेवढा पुरतो. पहाटे खाचरात प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक थेंब ओळीने लागलेला असतो. त्याला सगळे दव म्हणतात. दव पानभर पडते. टोकाशीच बसलेला तो थेंब मुळाच्या दाबाने आतून बाहेर ढकललेला असतो आणि त्यात खनिजेही असतात.

खोडाची उंचीही अशीच तडजोड आहे. उंच खोडाला उजेड आधी मिळतो, पण ते घडवायला साखर लागते आणि वाऱ्यापावसात ते लोळते. मुळशी-मावळचा आंबेमोहोर अंगाने उंच. कणसे भरली, वारा सुटला की आडवा होतो. त्याच्या ‘आंबेमोहोर १५७’ या वाणाचा ‘आयआर ८’ या बुटक्या जातीशी संकर करून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ आली. खोड आखूड झाले, तेव्हा त्यात जाणारी साखर दाण्यांकडे वळली आणि उत्पादन वाढले. आंबेमोहोराचा वास मात्र इंद्रायणीला तसाच्या तसा आला, असे अस्सल मुळशीकर मान्य करत नाही.

*चौकट: खाचराच्या बांधावर पाहण्यासारखे*
*• रोप उपटून मुळे धुतली तर जुन्या मुळांवर तांबूस पुट दिसते. नवी टोके पांढरी असतात.*
*• पाते बुडाशी आडवे कापून भिंगाखाली धरले, तर हवेच्या पोकळ्या दिसतात.*
*• ऊन येण्याआधी पात्याच्या टोकावरचा थेंब आणि पात्यावर पसरलेले दव यांतला फरक दिसतो. ऊन आले की दोन्ही जातात.*

चैत्रात पालवी का?

पाऊस गेला की मुळशीच्या डोंगरांवर उलटा हिशेब सुरू होतो. पाणी कमी, ऊन भरपूर. पान ठेवावे तर पाणी उडते, टाकावे तर अन्न थांबते. पळस, पांगारा, काटेसावर पाने गाळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पाणी वाचवण्यासाठी गाळतात हे उत्तरही ठाऊक आहे. पण मग एक विचित्र गोष्ट उरते. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, वळिवाचा थेंबही पडलेला नसताना, चैत्रात त्याच झाडांना पालवी फुटते. पाणी नाही म्हणून पाने टाकली, तर पाणी आणखी आटले असताना नवी पाने का काढावीत? पाऊस येणार असल्याचे झाडाला आधी कळते, हे उत्तर कानाला गोड आहे, पण आधाराविना आहे.

उत्तर खोडात आहे. कोस्टा रिकाच्या कोरड्या रानात रॉल्फ बोर्चर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या खोडांचे घेर नियमित मोजले. पाने असताना उन्हाळ्यात खोड आकसत जात होते, पाने गळाल्यावर पावसाचा थेंब नसताना ते पुन्हा फुगत होते. पाने गेली, खर्च थांबला, पण खोलवर गेलेली मुळे जमिनीच्या ओलीतून थोडे थोडे पाणी आणतच राहिली. खोडाच्या मऊ लाकडात ते साठले, कळ्यांना फुगायला लागणारा दाब मिळाला आणि फूल-पालवी आली. काटेसावरीचे मांसल फूल कोरड्या दिवसांत उमलते ते या साठ्यावर. म्हणजे पानगळ हीच पालवीची पूर्वतयारी आहे.

फायदाही दुहेरी होतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढगांमुळे उजेड कमी, तर चैत्र-वैशाखात भरपूर. पाऊस सुरू होईपर्यंत पान घट्ट आणि कामाला लागलेले असते. दुसरा फायदा किडींचा. कोवळे पान हे अळ्यांचे आवडते खाद्य, आणि अळ्यांची झुंबड पावसाबरोबर येते. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या रानात मुरली आणि सुकुमार यांनी केलेल्या अभ्यासात, कोरड्या दिवसांत लवकर पालवी काढणाऱ्या जातींची पाने किडींनी कमी खाल्लेली आढळली.

मग ताम्हिणीतली जांभूळ, अंजनी सगळी पाने एकदम का टाकत नाहीत? पाने गाळणे शहाणपणाचे, तर त्यांनाही ते सुचायला हवे. पण इथे ‘सुचणे’ हा शब्द फसवा आहे. झाड काही ठरवत नाही. ज्या जागी जी घडण निभावली तिची संतती उरली, एवढेच. दरीत, ओढ्याकाठी, जुन्या देवराईत माती खोल असते आणि ओल टिकते. तिथे जाड, मेणाचा थर असलेले, घडवायला महाग पण एक-दोन वर्षे टिकणारे पान परवडते. उताराच्या उथळ मातीत पातळ, स्वस्त, चार-सहा महिन्यांत टाकून देण्याजोगे पान परवडते. सारे पर्वत एकाच पावसाखाली आहेत, तरी दोन हातांवर दोन प्रकारची झाडे उभी दिसतात, कारण मुळांखालची माती वेगळी आहे.

नाव एक, काम निराळे

तडजोडी एवढ्या निरनिराळ्या असतील, तर अवयव ओळखायचा कशावरून? कामावरून ओळखायला गेलो तर फसतो. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत शेवळे उगवतात. खाजरी असतात, म्हणून काकडाची आंबट फळे घालून त्यांची भाजी करतात. आपण खातो तो फुलोरा. तो आधी येतो, पान नंतर. पुढे छत्रीसारखे उभे राहणारे, ठिपक्यांचे ‘खोड’ खरे तर एका पानाचा देठ असते. संपूर्ण झाडाला पान एकच. खोड जमिनीखाली आहे, आपण त्याला कंद म्हणतो. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत ते एकुलते पान जेवढी साखर करते ती नव्या कंदात जाते, जुना कंद संपून जातो, आणि उरलेले आठ महिने वनस्पती मातीखाली काढते. कळ्या आणि पेरे ज्याच्यावर असतात ते खोड, मग ते जमिनीखाली का असेना. बटाट्याचा डोळा ही कळीच असते. रताळ्यावर तसे डोळे नसतात, कारण ते मूळ आहे.

आंब्या-जांभळीच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरींची मुळे मातीला कधी लागतच नाहीत. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचा पांढरा थर असतो. पाऊस पडला की तो काही सेकंदांत पाणी टिपतो आणि मूळ हिरवे दिसू लागते, कारण आत हरितद्रव्य असते. म्हणजे हे मूळ थोडेफार पानाचेही काम करते. काही आमरींची पाने उन्हाळ्यात झडतात, जाडसर खोडात पाणी राखलेले असते आणि त्याच्यावर फुले येतात.

सड्यावर, जिथे कातळावर बोटभर माती आणि वर पाण्याचा थर असतो, तिथे भाद्रपदात जांभळ्या सीतेच्या आसवांचे ताटवे दिसतात. या वनस्पतीला खरी मुळेच नाहीत. धो धो पावसाने धुतलेल्या त्या मातीत नत्र नावालाही उरत नाही, तेव्हा मुळे काढून करायचे काय? तिने मातीत बारीक फुगे सोडले आहेत. फुग्यातले पाणी ती बाहेर काढून आत ताण निर्माण करते. सूक्ष्म जीव दारावरच्या केसाला लागला की एक हजारांश सेकंदाच्या आत दार उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो. साखर ती उजेडातच करते. जीव खाते ते नत्र-स्फुरदासाठी.

आणि कारवी. सात वर्षे ती नुसते खोड, पान आणि मूळ वाढवते. उन्हाळ्यात पाने टाकते, पावसात पुन्हा काढते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड पूर्वी घराघराला असत. आठव्या वर्षी एका डोंगरावरची सगळी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. सात वर्षांची सारी साठवण एकदा बियांत ओतली जाते. पुढच्या पावसात सगळा उतार एकाच वयाच्या रोपांनी भरतो.

फेब्रुवारी ते मे या काळात मुळशीच्या डोंगरांवर वणवे लावले जातात. राख झाल्यावर गवत जोमाने येते, हा त्यामागचा समज. गवत येते हे खरे आहे, कारण त्याचा वाढता कोंब बुडाशी, मातीलगत किंवा मातीखाली असतो आणि आग वरच्या वर निघून जाते. शेवळ्याचा कंदही वाचतो. पण झाडाच्या रोपाचा वाढता कोंब शेंड्याला असतो, तो त्या दिवसांत नेमका पालवी काढत असतो; आमरीची मुळे फांदीच्या सालीवर उघडी असतात; वाळलेल्या कारवीचे बी अजून रुजलेले नसते. आगीनंतर जे हिरवे दिसते ते फक्त गवत, आणि दरवर्षी जळणाऱ्या उतारावर गवतच उरते. तेव्हा मुळशीत जमीन असलेल्यांनी, फिरायला जाणाऱ्यांनी आणि वनखात्याच्या समित्यांनी निदान चैत्र उलटेपर्यंत डोंगराला काडी लागू देऊ नये, एवढे तरी करावे.